तृषेचे सोबती

दक्षिण स्कॉटलंडच्या मुलखात एखादा वृद्ध शेतकरी अमुक गृहस्थ आपला ‘फ्रेंड’ आहे असे सांगू लागला, तर परक्याने त्यावरून दोघांच्या स्नेहाचे अनुमान बांधण्याची घाई करू नये. कारण स्कॉट्स भाषेच्या जुन्या वहिवाटीप्रमाणे त्या शब्दाचा अर्थ रक्ताचा अथवा लग्नसंबंधाचा नातलग असा होतो, आणि त्या दोघांत बांधावरून पिढीजात वैरही चालू असेल. स्नेहासाठी इंग्रजीत राजमान्य झालेला शब्द येथे सोयऱ्यांनीच अडवून ठेवल्यामुळे, ज्यांच्याशी नाते काही नाही परंतु ज्यांच्यावाचून करमत नाही अशा माणसांसाठी या भाषेने वाट, कामधंदा, बाळंतिणीची खोली आणि मद्यशाळा अशा ठिकाणांहून शब्द गोळा केले, असे मला वाटते.

‘फिअर’ हा मूळचा वाटेवरचा सहप्रवासी. रॉबर्ट बर्न्सच्या मृत्यूच्या वर्षी, 1796 मध्ये, छापल्या गेलेल्या ‘ऑल्ड लँग साइन’ या जगप्रसिद्ध गीताच्या शेवटच्या कडव्यात तो आहे; परंतु नववर्षाच्या मध्यरात्री हात गुंफून ते गाणाऱ्यांपैकी अनेकांना त्याचा अर्थ ठाऊक नसतो. ‘मॅरो’ म्हणजे जोडीतील एक, मग ती जोडी मोज्यांची असो, पतिपत्नींची असो वा कोळशाच्या खाणीत बरोबरीने राबणाऱ्या मजुरांची. ‘बिली’ हा तोलामोलाचा गडी. आणि दोन खणांच्या झोपडीत बाहेरच्या खोलीला ‘बट’ व आतलीला ‘बेन’ म्हणत असल्यामुळे, आपल्याकडे ज्याचा माजघरापर्यंत राबता असतो तसा निकटवर्ती तेथे ‘फार बेन’ गेलेला ठरतो.

या सर्वांत भाग्यवान ठरला तो ‘क्रोनी’, आणि गंमत अशी की तो स्कॉटलंडचा नव्हेच. सतराव्या शतकात केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी, दीर्घकाल टिकणारे या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून, तो थट्टेने घडविला असे कोशकार मानतात. त्याला स्कॉटलंडची सनद मिळाली ती मुख्यतः बर्न्सच्या ‘टॅम ओ’ शँटर’ या 1791 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यामुळे. बाजाराच्या दिवशी एअर गावच्या मद्यशाळेत घरची वाट विसरून बसलेला टॅम आणि त्याचा जुना, विश्वासू नि सदैव तहानलेला मोची मित्र सूटर जॉनी ही जोडी वाचकांच्या मनात अशी ठसली की क्रोनी म्हटले म्हणजे समोर प्याला हवाच. कर्कऑस्वल्ड गावचा जॉन डेव्हिडसन हा चर्मकार जॉनीचा मूळ नमुना मानला जातो. त्याचे घर अद्यापि दाखवितात. हे काव्य रचले त्या सुमारास कविराज स्वतः अबकारी खात्याचे अंमलदार होते, आणि घोड्यावरून परगणाभर फिरून मद्याच्या पिंपांवरील सरकारी कराची तजवीज करीत होते, हा योगायोग कोणा विनोदी लेखकाने कल्पिला असता तर अतिशयोक्त वाटला असता. त्या मोच्याचे ‘ड्रूथी’ हे विशेषण ज्या ‘ड्रूथ’पासून निघाले, त्याचा अर्थ कोरडेपणा, तहान आणि अखेरीस पक्का मद्यपीही होतो.

अशा मंडळींच्या नेहमीच्या अड्ड्याला ‘हाउफ’ म्हणतात. डमफ्रीझची ‘ग्लोब’ ही पथिकशाळा बर्न्सचा हाउफ होती. डंडी शहरात मात्र हे नाव एका कबरस्तानाला आहे. ती जमीन 1564 मध्ये मेरी राणीने शहरास दिली, आणि तेथील कारागिरांच्या नऊ श्रेणी 1776 पर्यंत आपल्या सभा त्या थडग्यांमध्येच भरवीत असत.

स्त्रियांच्या वाट्याला आलेला ‘किमर’ हा शब्द फ्रेंचमधून आला. बाळाच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, मग बाळंतिणीच्या खोलीत जमणारी शेजारीण, मग सुखदुःखाची सखी अशी त्याची वाटचाल झाली. परंतु चार बायका एकत्र बसल्या की गावाला संशय यायचाच. तेव्हा पुढे त्याचा अर्थ चहाडखोर बाई, आणि चेटकासाठी 1563 च्या कायद्यान्वये देहदंड देणाऱ्या त्या देशात काही ठिकाणी चेटकीण असाही झाला. क्रोनीवर मात्र स्कॉटलंडात असा आरोप कोणी ठेवल्याचे मला कोशात आढळले नाही.