कृतिपुस्तिकेचे पान आणि खानदेशातील बालकाची बोली



भाषेचा अभ्यास म्हटला की साहित्यकृती, व्याकरण आणि भाषाविज्ञान या गोष्टी आपल्यासमोर येतात. परंतु छापील मराठी बहुतेक मुलांना प्रथम भेटते ती धड्यात किंवा कवितेत नव्हे, तर कृतिपुस्तिकेच्या पानावर. चित्र रंगवा, ठिपके जोडा, जोड्या लावा, अक्षर गिरवा अशा सूचना असलेली ही पुस्तिका तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या हाती अंगणवाडीत, बालवाडीत किंवा घरी पडते. आपल्यापैकी काही जणी अंगणवाडी सेविका असतील. काही जण रात्री कामे उरकल्यावर आपल्याच मुलाकडून अशी पाने पूर्ण करून घेत असतील. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बोलीत वाढलेले मूल या पानासमोर बसते, तेव्हा नेमके काय घडते याचा विचार येथे करावयाचा आहे.

पान उघडण्यापूर्वी

कृतिपुस्तिकेविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. मूल पान भरते म्हणजे ते शिकते, असे पालक मानतात आणि भरलेल्या पानांची संख्या मोजतात. वस्तुतः पान ही शिकलेल्या गोष्टीची उजळणी असते. ‘लहान-मोठे’ ही कल्पना दोन चित्रांवर खूण करून येत नाही. ती हातात दोन वस्तू घेऊन, त्यांची अदलाबदल करून, कधी चुकून येते. कागदावरचा हत्ती उंदराएवढाच काढलेला असतो, ही अडचण तर वेगळीच.

दुसरी बाब हाताची. जन्मतः मनगटाची हाडे कूर्चेच्या रूपात असतात आणि ती पूर्णपणे कठीण होण्यास वयाची बारा वर्षे उलटावी लागतात. चार वर्षांच्या मुलाला तासभर अक्षर गिरवण्यास बसवणे म्हणजे त्याच्या कोवळ्या मनगटावर मोठ्या माणसाचे काम टाकणे होय. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. पुढे त्यांच्या पद्धतीत पेन्सिल हाती येण्यापूर्वी मूल खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवी आणि त्या अक्षराचा ध्वनी उच्चारी. बोट, कान आणि डोळा यांची गाठ आधी पडे, लेखन नंतर येई.

हे साहित्य विकत आणावे लागते असे नाही. खानदेशातील घरात आणि शेतात ते विपुल आहे. भुईमुगाच्या शेंगा फोडताना अंगठा आणि तर्जनी यांची जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिलीला लागते. सरकी आणि चिंचोके एकत्र करून निवडायला दिले की वर्गीकरण होते. भाकरीच्या पिठाचा लहानसा गोळा मुलाच्या हाती दिला, तर बोटांना व्यायाम मिळतो आणि आईलाही चार भाकरी निवांतपणे थापता येतात. रावेर-यावल भागातील मुलाला तर गणिताची तयार सामग्री बागेतच मिळते. केळीचा घड, घडातील फण्या, फणीतील केळी हा ‘संपूर्ण आणि भाग’ यांचा संबंध कोणत्याही पुस्तिकेतील पानापेक्षा स्पष्ट आहे. वरची फणी मोठी, शेवटची लहान. म्हणजे चढता-उतरता क्रमही तेथे आहे. असे असताना पुस्तिकेत मात्र एकच पिवळे केळ छापलेले असते आणि त्याखाली ‘१’ हा अंक गिरवायचा असतो.

ही दृष्टी मराठी बालशिक्षणात नवी नाही. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील हा आदिवासी मुलूख होता. वस्तीवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. पाने, बिया, खडे, शिंपले हे तेथील शैक्षणिक साहित्य होते. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगाव पोहोचला. शब्द पोहोचला, तितक्या प्रमाणात त्यामागची पद्धत पोहोचली असे मात्र म्हणवत नाही.

‘ळ’चे पान

आता भाषेच्या विद्यार्थ्यांना विशेष जवळच्या प्रश्नाकडे वळू. धुळे जिल्हा आणि जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग, म्हणजे अमळनेर, पारोळा, चाळीसगाव हा परिसर, अहिराणीचा आहे. पूर्वेकडे यावल, रावेर, भुसावळ या भागांत लेवा गणबोली बोलली जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा, भिल्ल आणि तडवी समाजांच्या बोली आहेत. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न होता भिल्ल बोलींसोबत नवव्या खंडात झाला, यावरूनही प्रमाण मराठीपासूनचे तिचे अंतर ध्यानात येते.

अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. डोळा हा ‘डोया’ होतो, काळा हा ‘काया’, शाळा ही ‘शाया’ आणि पाणी हे ‘पानी’. मुळाक्षरांच्या तक्त्यांत व पुस्तिकांत ‘ण’साठी बाण आणि ‘ळ’साठी बाळ ही चित्रे रूढ आहेत. साक्री तालुक्यातील एखादे मूल बाणाचे चित्र पाहून ‘बान’ म्हणते. त्याने वस्तू ओळखली आहे. तिचे नाव त्याच्या घरात जसे उच्चारले जाते तसेच सांगितले आहे. परंतु पान ज्या ध्वनीसाठी रचले आहे, तो ध्वनी त्या उत्तरात नाही. ‘माळ’ या शब्दाची स्थिती आणखी अवघड आहे. वरील नियमाने त्याचा उच्चार ‘माय’ या शब्दाजवळ जातो, आणि माय म्हणजे तर आई. मूल चित्राकडे न पाहता काहीतरी बोलत आहे, असे बाहेरून आलेल्या शिक्षिकेला वाटले तर त्यात नवल नाही.

यातून निघणारा चुकीचा निष्कर्ष गंभीर आहे. ‘या मुलाला समजत नाही’ असा शेरा एकदा मनात बसला की त्याला प्रश्न कमी विचारले जातात, आणि मूलही हळूहळू गप्प होते. चार वर्षांचे मूल आपली बोली बदलू शकत नाही; ते बोलणे थांबवू मात्र शकते.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. सर्वच ध्वनिखेळांत बोली आड येत नाही. शब्दाचा पहिला ध्वनी ओळखण्याच्या खेळात केळ म्हटले काय आणि ‘केय’ म्हटले काय, आरंभी ‘क’च असतो. म्हणून अहिराणी मुलांसोबत पहिल्या ध्वनीपासून आरंभ करणे सोयीचे ठरते. शेवटचा ध्वनी ओळखण्याची पाने, त्यातही ‘ळ’ आणि ‘ण’ यांची पाने, उशिरा घ्यावीत. पुस्तिकेतील पानांचा क्रम हा मुद्रकाने बांधलेला क्रम असतो. तो पाळण्याचे बंधन आपल्यावर नाही.

अडचण ध्वनींपुरती नसून सूचनांतही आहे. ‘टोपलीत असलेल्या चेंडूला रंग दे’ ही सूचना प्रमाण मराठीची. अहिराणीत तेच ‘टोपलीमा’ होते. इथे हे ‘आठे’, तिथे हे ‘तठे’, आहे हे ‘शे’ आणि मला हे ‘माले’ होते. आत-बाहेर ही कल्पना मुलाला ठाऊक असते, फक्त तिचा प्रमाण प्रत्यय नवा असतो. सूचना प्रथम बोलीत द्यावी, मुलाने कृती केली की तीच सूचना प्रमाण मराठीत पुन्हा म्हणावी. मूल ‘डोया’ म्हणाले तर ‘हो, डोया, पुस्तकात याला डोळा म्हणतात’ एवढे पुरे. ‘डोया नाही, डोळा म्हण’ या वाक्यातील ‘नाही’ हा शब्द अनावश्यक आहे, आणि तो मुलाच्या आईच्या तोंडच्या शब्दालाही लागू होतो.

पदवीच्या वर्गात आपण बहिणाबाई चौधरी यांची कविता अभ्यासतो. १८८० मध्ये जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या या कवयित्रीला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या इतरांनी लिहून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रकाशित झाल्या. त्या कवितेत ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’ आपण भाषेचे वैभव म्हणून नोंदवतो, उत्तरपत्रिकेत त्यावर टीप लिहितो आणि गुण मिळवतो. तोच ‘य’ अंगणवाडीतल्या मुलाच्या तोंडी आला की चूक ठरतो. ही विसंगती प्रस्तुत लेखकाला अस्वस्थ करणारी वाटते.

पुस्तिकेचा वापर

मग पुस्तिका टाकून द्यावी काय? तसे नाही. कागदाची ओळख, डावीकडून उजवीकडे जाणारी नजर, चित्र म्हणजे वस्तूची खूण हे भान, या गोष्टी पुस्तिका उत्तम देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला गेला असून खेळातून शिक्षणावर भर आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने आणलेल्या ‘जादुई पिटारा’ या संचातही खेळणी, कोडी आणि बाहुल्या यांच्या सोबतीने कृतिपत्रिका आहेत, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

एका बैठकीस दहा-पंधरा मिनिटे आणि एखादे पान इतके प्रमाण या वयाला पुरते. पानावर ‘बरोबर-चूक’ अशी खूण करण्यापेक्षा तारीख टाकावी आणि मुलाने चित्राविषयी जे सांगितले ते त्याच्याच बोलीत कडेला लिहून ठेवावे. महिन्यांनंतर पाने उलटून पाहिली की वाढ दिसते. आणि सेविकेजवळ त्या गावच्या बोलीतील शब्दांचा एक छोटा संग्रहही तयार होतो. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांसोबत गेलेल्या मुलाच्या पुस्तिकेत मधली पाने कोरी राहतात. ती भरून घेण्याची घाई करू नये. त्या काळात त्याने पाहिलेल्या बैलगाड्या, उसाच्या मोळ्या आणि नवी गावे यांविषयी त्याला बोलते करावे. कोऱ्या पानावर ते त्याला हवे तसे काढू द्यावे.

उपक्रम : आपल्या परिसरातील पूर्वप्राथमिक वयोगटासाठीची कोणतीही एक कृतिपुस्तिका घ्या. तिच्यातील वीस चित्रे चार ते पाच वर्षांच्या दोन मुलांना दाखवा, एक बोलीभाषक घरातील आणि एक प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातील. मुलांनी उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून घ्या. दुरुस्त करू नका. पुस्तिकेतील अपेक्षित शब्द आणि मुलाचा शब्द यांत फरक आढळेल तेथे तो ध्वनीचा आहे, प्रत्ययाचा आहे की संपूर्ण शब्दच वेगळा आहे, ते ठरवा. बोलीभाषक मुलाचा शब्द त्याच्या आजीलाही विचारून पाहा, कारण पुष्कळदा तिच्याकडे आणखी एक निराळा शब्द निघतो.