कापसाच्या मुलुखातली गिरणी

वेचणी सुरू झाली की आमच्या हिंगोली जिल्ह्यात कापूस घरात शिरतो. आधी ओसरीत, मग माजघरात, शेवटी धान्याच्या कोठीशेजारी. पोरं त्या ढिगावर लोळतात आणि म्हातारी माणसं त्यांना ओरडतात. भाव बरा वाटेपर्यंत घरातल्या माणसांनी आखडून झोपायचं, पण कापूस ओला होऊ द्यायचा नाही. मग एके दिवशी गाडी भरली जाते आणि जिनिंगच्या वाटेला लागते.

जिनिंगमध्ये उभं राहून एकदा तरी ते यंत्र जवळून पाहावं. चामड्याचा एक रूळ फिरत असतो आणि त्याला अगदी चिकटून लोखंडी पातं बसवलेलं असतं. कापसाचे तंतू रुळाला धरून पात्याखालून पलीकडे ओढले जातात. सरकीला मात्र त्या फटीतून जाता येत नाही. ती अडते, आणि वरखाली हलणारं दुसरं पातं तिला टोले देऊन खाली पाडतं. पलीकडे रुई, खाली सरकी. एक क्विंटल कापसातून रुई निघते ती साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी. ती दाबून १७० किलोची गाठ बांधतात, गाठीवर खूण मारतात आणि ट्रक निघून जातो. आमच्या बहुतेक कापसाशी आमचा संबंध तिथंच संपतो.

हा संबंध इतक्या लवकर का संपावा, हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका पारशी माणसाने विचारला होता. तो हिंगोलीचा नव्हता, वऱ्हाडचाही नव्हता. गुजरातेतल्या नवसारीला ३ मार्च १८३९ रोजी जन्मलेले आणि मुंबईत शिकलेले जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांचं नाव घेतलं की लोकांना जमशेदपूर आठवतं, ताजमहाल हॉटेल आठवतं, बंगळूरची विज्ञान संस्था आठवते. मला आधी आठवते ती नागपूरची एम्प्रेस मिल. कापूस पिकवणाऱ्या माणसाने टाटांकडे पाहायचं ते तिथून, असं माझं ठाम मत आहे.

त्या काळातली हिंगोली डोळ्यांपुढे आणा. गाव निजामाच्या राज्यात. गावात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी, ती १९०३ पर्यंत होती. गाव अकोल्याहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यावर, आणि कापसाची मोठी पेठ म्हणून ओळखलं जाणारं. उत्तरेला पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. आगगाडी गाठायची तर वाशीमवरून अकोला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. बैलगाडीने किती मुक्काम पडत असतील याचा अंदाज ज्याने बैल हाकले आहेत त्यालाच यावा. मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली होती. तिने वऱ्हाड आणि निजामाच्या मुलुखातला कापूस मुंबईच्या बंदरात नेला आणि बंदरातून तो लँकेशायरला गेला. तिथून तोच कापूस मांजरपाट होऊन आमच्या बाजारात परत आला. जाताना एक भाव, येताना दुसरा.

या व्यापाराची चव जमशेटजींनी तरुणपणी चांगलीच घेतली होती. १८५८ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बाहेर पडून ते वडिलांच्या पेढीत गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि शहरातल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. टाटांच्या पेढीलाही जबर फटका बसला. तेव्हा जमशेटजी लंडनमध्ये होते. कच्च्या मालाचा व्यापार म्हणजे दुसऱ्याच्या लढाईवर आपलं नशीब टांगणं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१८६८ मध्ये त्यांनी २१,००० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची सूतगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोन वर्षांनी ती नफ्यात विकली. मग पुन्हा इंग्लंड, या वेळी लँकेशायरमधल्या गिरण्या बारकाईने बघायला. परत आल्यावर सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना या माणसाने नकाशा उघडला. कापूस पिकतो तिथं गिरणी हवी, जवळ रेल्वे हवी, पाणी आणि इंधन हवं. नागपूर या कसोटीला उतरलं. भोवती कापूस, दारात रेल्वे, आणि वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणी फार दूर नाहीत. १८७४ मध्ये सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली, भांडवल १५ लाख रुपये. आज हे सहज वाटतं. तेव्हा मुंबईच्या सावकारांना ते वेडेपण वाटलं असणार.

जागा मिळाली ती जुम्मा तलावाच्या परिसरात, दलदलीची. आधी ती बुजवावी लागली. गाड्यांमागून गाड्या माती पडत होती. त्या वेळची एक गोष्ट जमशेटजींच्या चरित्रात येते. नागपूरच्या एका मारवाडी सावकाराकडे पैसे मागितले, तर त्याने नाही म्हटलं. हा माणूस सोनं मातीत घालतो आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढे गिरणी चालली तेव्हा त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी जमिनीत सोनं नाही, माती घातली आणि त्यातून सोनं काढलं. चूक मान्य करायला त्याला लाज वाटली नाही, म्हणून मला तो सावकारही आवडतो.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं. त्याच दिवशी नागपुरात गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस हे नाव मिळालं. मांचेस्टरच्या कापडाला नागपुरात तोंड देणारी गिरणी, आणि नाव सम्राज्ञीचं. सुरुवातीला सूत कातायच्या दोन तऱ्हांच्या चात्या होत्या, १५,५५२ थ्रॉसल आणि १४,४०० म्यूल, शिवाय ४५० माग. व्यवस्थापक म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहतांना आणलं. ते रेल्वेतले, गिरणीचा अनुभव शून्य. पण हिशेबाचे पक्के आणि माणसं ओळखणारे. पुढची कित्येक वर्षं नागपूरकरांना गिरणी म्हणजे बेझनजी हेच माहीत होतं.

पहिली वर्षं वाईट गेली. स्वस्तात घेतलेली यंत्रं चांगलं सूत देईनात, शेअरचा भाव उतरला. जमशेटजींनी हात आखडता न घेता यंत्रं बदलली.

त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. तेव्हा लँकेशायरमध्ये सूत निघायचं ते मुख्यतः म्यूलवर. म्यूलची गाडी पुढे येते, तंतू ताणते, पीळ देते. मग थांबते, मागे जाते आणि तयार सूत चातीवर गुंडाळते. काम असं टप्प्याटप्प्याने चालतं आणि ते चालवायला मुरलेला कारागीर लागतो. अमेरिकेत मात्र रिंग नावाची वेगळी तऱ्हा निघाली होती. चातीभोवती पोलादी कडं, कड्यावर नखाएवढी तारेची वळी. चाती गरगर फिरते, वळी कड्यावरून तिच्यामागे धावते, आणि पीळ देणं व गुंडाळणं दोन्ही एकाच वेळी होत राहतं. थांबणं नाही, मागे जाणं नाही. नवा माणूस थोड्या दिवसांत ते शिकू शकतो, आणि जिथं गिरणीत काम केलेली एक पिढीसुद्धा नाही त्या नागपूरसारख्या गावाला हेच हवं होतं. जमशेटजींनी १८८३ मध्ये एम्प्रेस मिलमध्ये रिंग लावून पाहिली. निकाल बघितल्यावर जुनी थ्रॉसल यंत्रं काढायला सुरुवात झाली. आज जगभरात सुताचा मोठा हिस्सा रिंगवर निघतो. लँकेशायर मात्र म्यूलला कितीतरी वर्षं चिकटून राहिलं.

आता माणसांकडे येतो, कारण परोपकारी उद्योगपती म्हटलं की देणगीची पाटी डोळ्यांपुढे येते. धर्मशाळा, घाट, इस्पितळाचा वॉर्ड. तशा देणग्या देणारे धनिक त्या काळात पुष्कळ होते आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पण नागपूरचा प्रश्न वेगळा होता. कामगार शेतीतून आलेले. पेरणी आली की गावी, लग्न निघालं की गावी, पगार झाला की चार दिवस दिसणार नाहीत. रोज पाचातला एक माणूस गैरहजर. यावर दंड लावणं सोपं होतं. जमशेटजींनी उलटा रस्ता धरला. नियमित येणाऱ्याला बक्षीस, कामाच्या जागी खेळती हवा, सूत तुटू नये आणि माणसाचा घसा कोरडा पडू नये म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रं, आग लागली तर छतातून पाणी फवारणारे नळ. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शनचा निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, १९०१ मध्ये भविष्य निर्वाह निधी.

या सालांपुढे सरकारची सालं मांडून बघा. कामगार भरपाईचा कायदा आला १९२३ मध्ये. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये. म्हणजे नागपूरच्या गिरणीतला माणूस कायद्याच्या पन्नास वर्षं आधी आपल्या म्हातारपणाची पुंजी साठवत होता.

पण चित्र एवढंच रंगवलं तर त्या माणसांवर अन्याय होईल. गिरणी सुरू झाली त्याच १८७७ सालात मजुरीच्या दरावरून एम्प्रेस मिलच्या कामगारांनी संप केला. हिंदुस्थानातल्या गिरणी संपांच्या इतिहासात पहिला म्हणून त्याचीच नोंद होते. कामाचे तास त्या काळात सूर्यावर मोजत, उजाडल्यापासून अंधारेपर्यंत. बायका आणि मुलंही कामाला होती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांना साधी आठवड्याची सुट्टी मिळवायला १८९० साल उजाडावं लागलं. तेव्हा पेन्शनचं श्रेय मालकाला द्यायचं, तर मागणी पहिल्यांदा बोलून दाखवण्याचं श्रेय त्या संप करणाऱ्यांना द्यायला हवं. त्यातल्या कुणाचं नाव नागपूरच्या एखाद्या चौकाला असल्याचं मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. विदर्भातले महार कोष्ट्यांसारखेच पूर्वापार जाडंभरडं कापड विणत आले होते. गिरण्यांच्या कापडाने त्यांचे हातमाग बसले, पण नागपूरच्या गिरण्यांत त्यांना मोठ्या संख्येने काम मिळालं. महिन्याचा रोख पगार, बलुत्यापासून सुटका, मुलाला शाळेत घालण्याची ऐपत. १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या दीक्षेसाठी नागपूर उसळलं, त्यामागे अनेक कारणं होती. गिरणीच्या पगारावर उभी राहिलेली वस्ती हे त्यातलं एक आहे, असं मला वाटतं.

जमशेटजींची बाकीची कामं सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून भराभर सांगतो. १८८६ मध्ये कुर्ल्याची बुडालेली धरमसी मिल घेऊन तिची स्वदेशी मिल केली. १८९२ मध्ये हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी निधी काढला. १८९८ मध्ये विज्ञान संस्थेसाठी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली. मध्येच, १८९६ मध्ये, त्यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा विषय होता इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस इथल्या शेतात घेता येईल का. पोलाद आणि विद्यापीठं डोक्यात असताना हा माणूस शेतकऱ्याच्या धाग्याच्या लांबीचा विचार करत होता. मला त्यांच्या सगळ्या लिखाणात ही पुस्तिका जास्त मोलाची वाटते.

पोलादाचा धागासुद्धा नागपुरातून जातो. चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दलचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात १८८२ मध्ये आला आणि त्यांनी तो विचार शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे त्यांचे चिरंजीव दोराबजी नागपूरला सरकारी कचेरीत कामासाठी आले असता वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूगर्भाच्या रंगीत नकाशात दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खुणा त्यांना दिसल्या, आणि शोध त्या दिशेने वळला. जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना त्यांनी पाहिला नाही, विज्ञान संस्थाही पाहिली नाही. हयातीत पूर्ण झालेल्या, आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या त्यांच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे नागपूरची गिरणी.

१९८६ मध्ये ती टाटांकडून राज्य सरकारकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आता मॉल आणि इमारती आहेत. तिथं कापड मिळतं, सूत निघत नाही.

ज्यांच्या घरात आजोबा, पणजोबा एम्प्रेसच्या साच्यावर उभे होते, त्यांनी एक काम करावं. त्यांचं कोणतं खातं, पगार किती, भोंगा कितीला व्हायचा, पेन्शन हातात आली का, हे आठवणाऱ्या माणसापाशी बसून वहीत उतरवून घ्यावं. जमशेटजींची चरित्रं लिहिली गेली आहेत. त्या साच्यावरच्या माणसांची अजून लिहायची आहेत, आणि सांगू शकणारे आता ऐंशीच्या घरात आहेत.