भूजलाचा नकाशा कसा वाचावा

भारतातील भूजल पातळीचे चित्र वर्षातून चार वेळा नव्याने मांडले जाते. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातील 20,000 हून अधिक निरीक्षण विहिरींतील पाणी जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये मोजते. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडण्याची जुनी पद्धत अजूनही भरवशाची आहे. टेपचा जो आकडा काठाशी येतो, त्यातून भिजलेल्या खडूची लांबी वजा केली की पाण्याची खोली कळते. कठड्याची उंचीही वजा करावी लागते. ती राहून गेली, तर कागदावर पाणी उगाचच हातभर खाली जाते.

एवढ्याने तयार होतो तो खोलीचा नकाशा. बदल दाखवायचा तर तुलना हवी, आणि नकाशाचा रंग ठरतो तो इथेच. यंदाचा नोव्हेंबर गेल्या नोव्हेंबरशी ताडून पाहिला, तर त्यात बरेचदा दोन वर्षांच्या पावसातला फरकच उमटतो. म्हणून आधीच्या दहा वर्षांच्या नोव्हेंबरमधील सरासरीशीही पातळी ताडली जाते. एकाच वर्षातील मे आणि नोव्हेंबर यांची तुलना मात्र पावसाळ्यात पाणी किती मुरले याचा अंदाज देते.

दोन विहिरींमधला भूभाग आकडेमोडीने रंगवला जातो. गंगेच्या गाळाच्या मैदानात हे बरेचसे चालून जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसाल्टचा; इथे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. बांधाच्या एका बाजूची विहीर मेमध्येही मोटार चालवते आणि पलीकडची मार्चमध्येच तळ गाठते. त्यामुळे राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणलोट क्षेत्रनिहाय हिशेब मांडते.

कोरडी विहीर हा या नकाशाचा सर्वांत फसवा भाग. तिच्यातील पाण्याची खोली सांगता येत नाही, म्हणून ती सरासरीतून गळते आणि उरलेल्या विहिरींमुळे परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते. अशा विहिरी नकाशावर वेगळ्या चिन्हाने दाखवणेच योग्य.

2002 मध्ये अवकाशात गेलेल्या ‘ग्रेस’ उपग्रहांच्या जोडीने वेगळीच वाट दाखवली. सुमारे 220 किलोमीटर अंतर राखून एकामागोमाग फिरणारे हे उपग्रह आपसातील अंतरात होणारे अतिसूक्ष्म फरक मोजत. खालच्या भागाचे वस्तुमान आणि त्यामुळे गुरुत्वाकर्षण बदलले की हे अंतरही बदलते. वस्तुमानातील या बदलातून जमिनीतील ओलावा, बर्फ आणि पृष्ठभागावरचे पाणी वजा केले की भूजलातील घट-वाढ उरते. ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) मिळून सुमारे 109 घनकिलोमीटर भूजल घटल्याचा अंदाज 2009 मध्ये याच पद्धतीने मांडला गेला. त्या वर्षांत पाऊस जवळपास सरासरीइतका होता. घट झाली ती मुख्यतः सिंचनासाठीच्या उपशामुळे.

2018 पासून या जोडीचे काम तिची वारसदार जोडी करते. पण तिचीही नजर काहीशे किलोमीटरच्या पट्ट्याहून बारीक जात नाही. तालुक्याचा प्रश्न निघाला की निरीक्षण विहिरींकडेच यावे लागते. त्यांतील काहींवर आता स्वयंचलित नोंदयंत्रे बसली आहेत आणि ती दिवसातून अनेकदा पातळी टिपतात.