श्वास रोखायचा नाही!

रोह्याचा माझा एक विद्यार्थी. कुंडलिकेत पोहायला शिकलेला. पदवी हाती पडताच म्हणाला, "सर, तारकर्लीला स्कूबा शिकतो, पाणबुड्यांचा वाटाड्या होतो!"

त्याची आई पेणला आमच्या घरी आली. डोळे भरलेले. "सर, तुम्ही तरी समजवा हो त्याला!"

समजावण्याआधी मी सारे विचारून घेतले. 'पाडी' संघटनेच्या नियमाने ४० बुड्यांवाचून वाटाड्याच्या शिक्षणास आरंभ नाही, ६० वाचून दाखला नाही. शिक्षक व्हायचे तर १००! आणि पहिला धडा: श्वास रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट. तेथे घेतलेली हवा छातीत कोंडून वर आले, तर ती फुगून फुप्फुस फाडते.

"वहिनी," मी म्हटले, "हे नुसते धाडस नव्हे, शिस्त आहे. आता तुम्हीही श्वास सोडा!"