कांचेच्या कुंडांतील पोवळीं कां मरतात ?

आमच्या शाळेंतून बाहेर पडून बरींच वर्षें झालेला एक विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडांत राहतो. लहानपणीं शास्त्राच्या तासापेक्षां शाळेमागच्या डबक्यांतील बेडूकमाशांकडे त्याचें लक्ष अधिक असे. तो नाद अद्याप सुटलेला नाहीं, हें गेल्या वर्षीं आलेल्या त्याच्या पत्रावरून कळलें. आपल्या बैठकीच्या खोलींत त्यानें दोनशें लिटरचें कांचेचें कुंड मांडून त्यांत खारें पाणी भरलें आहे, आणि उष्ण समुद्रांतील जिवंत पोवळीं पाळण्याचा उद्योग चालविला आहे. "सर, तीनदां आणलीं आणि तीनदां मेलीं. मासे खुशाल आहेत, पाणी आरशासारखें स्वच्छ आहे. माझें चुकतें कोठें ?" असा त्याचा प्रश्न होता. मीं कांहीं पोवळीं पाळलेलीं नाहींत. परंतु रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र शिकविण्यांत आयुष्य गेलें असल्यामुळें त्याला उलट प्रश्न विचारण्याइतकी माझी तयारी होती. आमचीं चार पत्रें गेलीं-आलीं. त्यांतून जें निष्पन्न झालें तें तुम्हांस व तुमच्या वडील मंडळींस वाचावयास आवडेल असें वाटतें.

पोवळें म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें अंगठींतील तांबडा खडा उभा राहतो. तो भूमध्य समुद्रांत वाढणाऱ्या एका जातीच्या पोवळ्याचा सांगाडा होय. येथें ज्यांविषयीं लिहावयाचें तीं पोवळीं निराळीं. उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत प्रवाळांचीं बेटें बांधणाऱ्या जातींपैकीं तीं आहेत. दगडासारख्या दिसणाऱ्या त्यांच्या फांदीवर इवलाले जीव दाटीनें बसलेले असतात. प्रत्येकाला एक तोंड, तोंडाभोंवतीं मऊ बाहूंचें कडें, आणि खालीं स्वतःच घडविलेली चुन्याची वाटी. या जीवाच्या मांसांत आणखी एक बिऱ्हाड असतें, तें म्हणजे डोळ्यांना न दिसणारें, एकेका पेशीचें शेवाळ. हें शेवाळ प्रकाशांत साखर तयार करतें व तिचा बराच मोठा भाग यजमानास देतें. यजमान त्यास आसरा देतो व आपल्या उत्सर्गांतील खत पुरवितो. पोवळ्याचा तपकिरी रंग या बिऱ्हाडकरूचा असतो.

समुद्रांत या जीवाभोंवतींचें पाणी फारसें बदलत नाहीं. दर लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार, उष्णता बहुधा २५ ते २८ अंश, आणि हीं मानें दिवसांमागून दिवस तशींच. कुंडांत मात्र एक चमचाभर चुकीचा पदार्थ पडला तरी सर्व पाण्याचा स्वभाव पालटतो. मासा पोहून कोपऱ्यांत जातो, कांहीं काळ सोसतो. पोवळ्याला पळतां येत नाहीं. म्हणून "मासे खुशाल आहेत" हा पुरावा या खटल्यांत कुचकामाचा, असें मीं त्याला पहिल्याच पत्रांत कळविलें. तांब्याचा अंश असलेलें जें औषध माशाच्या अंगावरील रोग बरा करतें, तेंच पोवळ्याला विष होतें. आणि आरशासारखें स्वच्छ पाणी हा तर पुरावाच नव्हे, कारण विरघळलेला पदार्थ दिसत नसतो.

कुंडांत पोवळीं जगविण्याची खटपट आजकालची नाहीं. १८४६ सालीं लंडनांतील वेस्टमिन्स्टर अॅबे या मंदिराच्या एका धर्मोपदेशकाची पत्नी, अॅना थिन, ही समुद्रकांठच्या टॉर्की गांवीं गेली असतां तेथील लहानशा पोवळ्यांवर लुब्ध झाली. प्रवासांत तीं बरणींत गडगडूं नयेत म्हणून तिनें तीं सुईदोऱ्यानें स्पंजाला शिवून टाकलीं आणि लंडनला आणलीं. समुद्र दूर, नवें खारें पाणी रोज कोठून येणार? तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीपाशीं एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत राहावें व हवा मिसळावी, असा क्रम तिनें घातला. हें काम घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास करी. पुढच्या वर्षीं तिनें त्यांत समुद्रांतील वनस्पति सोडल्या, आणि १८५९ मध्यें आपलीं निरीक्षणें शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलीं. तिचीं पोवळीं थंड समुद्रांतील, शेवाळाच्या आधारावांचून जगणारीं होतीं. त्यांस दिव्याची गरज नव्हती. एवढा फरक सोडला तर तिनें जें साधलें तेंच आजही साधावयाचें असतें. आज मोलकरणीच्या हातांचें काम विजेचा पंप करतो, इतकेंच. (बाईंच्या कीर्तींत त्या हातांचाही वांटा आहे, हें माझ्या वर्गांतील मुलींनीं मला आवर्जून सांगितलें.)

आतां आपल्या विद्यार्थ्याकडे वळूं. पहिल्या खेपेचें कारण शोधण्यास श्रम पडले नाहींत. कुंड भरल्यापासून दुसऱ्याच आठवड्यांत त्यानें पोवळीं आणिलीं होतीं. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या खाद्यापासून पाण्यांत अमोनिया उत्पन्न होतो. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ घातक, तिसरा पुष्कळ सौम्य. परंतु या जंतूंची वस्ती व्हावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती मुख्यत्वें सच्छिद्र दगडांत होते. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं समुद्रांतील जीवजंतुसहित दगडच कुंडांत ठेवण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली, ती याच कारणानें उपयोगी पडली. नव्या घराचा चुना ओला असतांना कोणी बाळंतिणीस तेथें नेत नाहीं. आमच्या मित्रानें तें केलें.

दुसरी खेप अधिक विचार करण्याजोगी आहे. या वेळीं कुंड सहा महिन्यांचें झालें होतें. पोवळीं दोन महिने उत्तम होतीं. मग हिवाळ्यांत तीं दिवसाही मिटून राहूं लागलीं, व बुडाकडून मांस सुटत जाऊन पांढरा सांगाडा उघडा पडला. मीं विचारलें, "पाणी आटतें तेव्हां तूं काय घालतोस ?" उत्तर आलें, "तयार केलेलें खारें पाणी. समुद्राचें कुंड ना तें !"

येथें वहीपेन्सिल घ्या. दोनशें लिटर पाण्यांत दर लिटरास ३५ प्रमाणें ७,००० ग्रॅम क्षार आहेत. थंडीच्या दिवसांत तिकडे घर तापवितात, हवा कोरडी होते, आणि रोज सुमारें एक लिटर पाणी आटतें. आटतें तें केवळ गोडें पाणी. मीठ मागें राहतें. मिठागरें पाहिलेल्या मुलांस हें सांगावयास नको. त्याच्या जागीं त्यानें रोज एक लिटर खारें पाणी घातलें, म्हणजे रोज ३५ ग्रॅम क्षार अधिक. तीस दिवसांत १,०५० ग्रॅम. आतां ८,०५० ग्रॅमांस दोनशेंनीं भागा : दर लिटरास ४० ग्रॅमांहून थोडे अधिकच. त्या महिन्यांत कामाच्या गर्दीमुळें त्यानें पाणी बदललेंही नव्हतें.

"पण सर, मीं दर रविवारीं खारेपणा मोजीत होतों, आणि तो नेहमीं ३५-३६ च भरे !" त्याचें यंत्र म्हणजे कांटा वर-खालीं होणारें एक स्वस्त उपकरण होतें. अशा कांट्यावर क्षारांचा थर बसला म्हणजे तो जड होतो व खरें असतें त्याहून कमी दाखवितो. ३५ प्रमाणाचें तयार द्रावण बाजारांत मिळतें. तें आणून त्यानें यंत्राची परीक्षा घेतली तेव्हां कांटा ३१ वर थांबला. जो साक्षीदार चार अंक खोटें बोलत होता त्याच्यावर भरंवसा ठेवून त्यानें दोन महिने औषधांच्या बाटल्या विकत घेतल्या होत्या. आतां तो प्रकाशाच्या वक्रीभवनावरून खारेपणा दाखविणारें यंत्र वापरतो, पण त्याचीही परीक्षा दर महिन्यास त्याच द्रावणानें करतो. आटलेल्या पाण्याऐवजीं शुद्ध गोडें पाणी घालतो. नळाचें पाणी तसेंच घालीत नाहीं, कारण त्यांत क्लोरीन असतो, नळ्यांतील तांबें उतरण्याचा संभव असतो.

एका चतुर मुलानें वर्गांत शंका काढली कीं, तांबड्या समुद्राच्या उत्तर भागांत खारेपणा चाळीसच्या सुमारास असून तेथें पोवळ्यांचीं वनें कशीं माजलीं आहेत ? शंका योग्य आहे. तेथील जीव असंख्य पिढ्या त्या पाण्यांत वाढलेले आहेत. आमच्या मित्राच्या पोवळ्यांस तोच बदल तीस दिवसांत सोसावा लागला.

तिसऱ्या खेपेची हकीकत लिहितांना त्याचें अक्षर बदललें होतें. त्यानें नवा एलईडी दिवा आणून पूर्ण शक्तीनें लावला. आठ दिवसांत पोवळें शुभ्र झालें, आणि मेलें असें समजून त्यानें तें काढून टाकलें. मीं विचारलें, "मांस होतें कीं नुसता सांगाडा ?" पुष्कळ दिवसांनीं उत्तर आलें : कांचेसारखें पारदर्शक मांस अंगावर होतें, आणि रात्रीं त्यानें बाहू बाहेर काढलेले त्याच्या पत्नीनें पाहिले होते.

म्हणजे तें मेलेलें नव्हतें. प्रकाश वा उष्णता सोसवेनाशी झाली म्हणजे पोवळ्याच्या अंगांतील शेवाळ निघून जातें आणि पारदर्शक मांसांतून पांढरा सांगाडा दिसूं लागतो. तो जीव उपाशी असतो, पण जिवंत असतो. दिवा मंद करून, पाणी स्थिर राखून, कांहीं आठवडे धीर धरला तर शेवाळ परत येऊं शकतें. समुद्रांतही हेंच घडतें. पाण्याची उष्णता नेहमींच्या उन्हाळ्याहून एकदोन अंशच वाढून आठवडेच्या आठवडे टिकली कीं पोवळीं पांढरीं पडतात. आपल्या लक्षद्वीपाजवळ १९९८, २०१० व २०१६ सालीं असें झालें. २०२४ सालींही झालें. लवकर थंडावा आला तर कांहीं वांचतात, न आला तर पुष्कळ मरतात.

यास्तव मरण कसें आलें हें आधीं पाहावें. सर्वांग पांढरें पण मांस शाबूत असेल तर दिवा व उष्णतामापक तपासावा. बुडाकडून मांस सुटत असेल तर खारेपणा व अल्कता पाहावी. अल्कता म्हणजे चुना बांधण्यासाठीं पाण्यांत जो कार्बोनेटांचा सांठा लागतो त्याचें मान. समुद्रांत तें जर्मन अंशांनीं सुमारें सात असतें. कुंडांत पोवळीं वाढूं लागलीं कीं तीं हा सांठा रोज खातात, आणि मालक घाबरून एका दिवसांत तो भरून काढूं पाहतो. दिवसाकांठीं एका अंशाहून अधिक वाढवूं नये, असें अनुभवी लोक सांगतात. टोंकें तेवढीं जळाल्यासारखीं झालीं तर हीच घाई कारण असण्याचा पुष्कळ संभव असतो. पोवळें काळपट तपकिरी होऊन दगडांवर शेवाळ माजलें तर खाद्य फार पडत आहे. उलट नायट्रेट व फॉस्फेट अगदीं शून्यावर आणलें तर तें उपासमारीनें फिकें पडतें. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आमच्या मित्रानें एकाच शनिवारीं मीठ, दिवा व खाद्य हीं तिन्ही बदललीं होतीं. मग काय बाधलें हें कोण सांगणार?

हें वाचून कोणाच्या घरीं कुंड मांडण्याचा विचार चालला असेल तर पालकांस एक सूचना आहे. खडक बांधणारीं पोवळीं आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. तीं परवानगीवांचून काढणें, विकणें वा बाळगणें हा गुन्हा आहे. इंग्लंडांत फांदीचे तुकडे करून कुंडांतच वाढविलेलीं पोवळीं मिळतात व तशीं आणण्याचें त्यानें मला वचन दिलें आहे. आपल्याकडे मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतींच्या समुद्रांत जिवंत पोवळीं आहेत. तेथें त्यांस कोणाच्या दिव्याची वा मोजमापाची गरज पडत नाहीं. सहल गेली तर पाहावींत, हात लावूं नये.

त्याचें शेवटचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. कुंडाशेजारीं त्यानें एक वही बांधून ठेविली आहे. तींत रोज रात्रीं उष्णता व खारेपणा, आणि एक दिवस आड अल्कता लिहितो. साठ दिवस आंकडे न हालतां गेले तरच दुकानांत पाऊल टाकावयाचें, असें पतिपत्नींचें ठरलें आहे. पत्र लिहिलें त्या दिवशीं वहींत एकेचाळीस ओळी झाल्या होत्या, आणि कुंडांत दगड, पाणी व दोन मासे यांखेरीज कांहीं नव्हतें.