फ्लॅटातले फडताळ

शहरातल्या घरांनी मराठी माणसाचे पुष्कळ शब्द हिरावून घेतले आहेत. कोनाडा, देवळी, फडताळ, खुंटी! वर्गात ‘फडताळ’ हा शब्द आला, की मला फळ्यावर चित्र काढावे लागते. दोष मुलांचा नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. त्यांच्या पोटात सहज कपाट मावे. आमच्या घरातली आतली भिंत गिलाव्यासकट जेमतेम सहा इंच. तीत कोनाडा कोरायचा, तर पलीकडच्या खोलीचे दर्शन व्हायचे!

पण सिमेंटचे खांब भिंतीपुढे डोकावतात आणि त्यांच्या आडोशाला एखादी आडनिडी जागा उरते. आमच्याकडे ती अडीच फूट रुंद आणि दहा इंच खोल आहे. तयार कपाट तीत शिरत नाही, म्हणून तेथे छत्र्या आणि रद्दी सुखाने नांदत होत्या.

गावचे घर विकल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. तिचा सारा संसार एका पत्र्याच्या ट्रंकेत आला आणि ट्रंक कॉटखाली गेली. पोथी हवी असो की सुईदोरा, “अरे, ट्रंक जरा ओढतोस का?” असे तिला विचारावे लागे. सत्तर वर्षे ज्या बाईने स्वतःच्या हाताने फडताळ उघडले, तिने स्वतःच्याच वस्तू मागून घ्यायच्या!

त्या कोपऱ्यात फळ्या बसवण्याचा बेत जाहीर होताच घरात हक्कदार निघाले. सौ.ला डबे ठेवायचे होते, चिरंजीवांना क्रिकेटचे सामान, मला कोश. आई काहीच बोलली नाही. तेव्हा सौ.नेच निकाल दिला, “अहो, मधले दोन खण आईंचे. उरलेल्यांत आपण भांडू.”

वाचकहो, हे काम घरी करता येते. मात्र भिंतीवर विश्वास ठेवू नये. कोपऱ्यापासून एका भिंतीवर सहा इंचांवर खूण करा, दुसरीवर आठ इंचांवर. दोन खुणांतले अंतर बरोबर दहा इंच भरले, तरच तो काटकोन. आमचे भरले नाही. म्हणून प्रत्येक फळीसाठी पुठ्ठ्याचा वेगळा नमुना कापला आणि त्याबरहुकूम प्लायवूड वखारीतच कापून आणले.

फळी एकोणीस मिलिमीटर जाडीची घ्यावी. फूटभर जाडजूड पुस्तकांचे वजन दहा किलोच्या घरात जाते. म्हणजे अडीच फुटांच्या फळीवर पंचवीस किलो! म्हणून फळीखाली मागे आणि दोन्ही बाजूंना सागवानी पट्ट्या स्क्रूने पक्क्या कराव्या. पुढच्या कडेलाही खालून पट्टी जोडली, की फळीला पोक येत नाही. पट्टी बसवताना पाणसळ लावून पाहावी. दिव्याच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये. तेथून विजेच्या तारा गेलेल्या असतात. भिंत बाहेरची असेल, तर फळीमागे बोटभर फट ठेवावी आणि भिंतीला ओल असेल, तर आधी ती काढावी. फटी लांबीने भरून मग रंग द्यावा.

फळ्यांची उंची मात्र टेपाने ठरवू नये. मी आईला तेथे उभे केले आणि तिचा हात न ताणता, न वाकता जेथे पोचला, तेथे पेन्सिलीने रेघा मारल्या. जड कोश खाली गेले, डबे वर आणि क्रिकेटची बॅट कोश व भिंत यांच्या मधल्या फटीत.

रंग वाळल्यावर आईने ट्रंक रिकामी केली. पोथी, चष्म्याचे घर, सुपारीची पितळी डबी, वडिलांची फाउंटन पेन! सगळे लावून झाल्यावर तिने जुन्या साडीचा पडदा शिवून पुढे टांगला. काल चिरंजीवांनी सुईदोरा मागितला.

“तिथं फडताळात आहे,” आई म्हणाली, “पण मला विचारून घे हो.”