त्याग म्हणजे नेमकं काय? चार गैरसमज

श्रावणी पौर्णिमेला रायगड जिल्ह्यातल्या किहीमशेजारच्या थळ-नवगावच्या कोळीवाड्यांतून सोनेरी कागदाने मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो आणि दर्याला दिला जातो. पाहणाऱ्यांच्या मनात मात्र त्यागाविषयी काही समज पक्के बसलेले असतात.

गैरसमज : नारळ म्हणजे समुद्राला दिलेली लाच.
वस्तुस्थिती : नारळ देण्याआधी पावसाळाभर होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. दर्या खवळलेला असतो, आणि अनेक माशांच्या विणीचा काळही हाच. यांत्रिक नौकांवरची पश्चिम किनाऱ्याची सरकारी बंदी १ जूनपासून ६१ दिवसांची; कोळ्यांची जुनी रीत पौर्णिमेपर्यंत थांबण्याची. नारळ एका दिवसाचा. खरा त्याग हातची कमाई सोडून थांबण्यात आहे.

गैरसमज : बळी म्हटला की जनावरच.
वस्तुस्थिती : कोंबड्या-बकऱ्याचा नवस आपल्याकडे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. कोळ्यांच्या कार्ल्याच्या एकवीरेलाही ती चाल जुनी. पण नवचंडीच्या होमात कोहळा कापतात, पितृपक्षात कावळ्याला पान वाढतात, घरोघरी गाईचा घास काढतात. मुक्या जिवांचा वाटा काढणं हा गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकीच एक, भूतयज्ञ.

गैरसमज : त्याग म्हणजे संसार सोडून हिमालय गाठणं.
वस्तुस्थिती : गीतेचा अठरावा अध्याय सांगतो, यज्ञ, दान, तप सोडायचे नाहीत, सोडायची ती फळाची आस. त्रास नको म्हणून कर्तव्य टाकलं, तर तो राजस त्याग. त्याचं फळ मिळत नाही. ज्ञानेश्वरांनीही स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटलं आहे.

गैरसमज : होम जितका मोठा, तितकं पुण्य जास्त.
वस्तुस्थिती : गीतेच्या चौथ्या अध्यायात द्रव्ययज्ञापेक्षा ज्ञानयज्ञ श्रेष्ठ ठरतो, नवव्यात देवाला भक्तीने दिलेलं पान, फूल, पाणीही पुरतं. याच रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांतला हिशेब सरळ आहे : आपल्या वापराने सृष्टीची झीज होते, ती भरून काढणं हा यज्ञ, समाजाचं ऋण फेडणं हे दान, देहाची शुद्धी हे तप. किहीमच्या वाडीतले माड-पोफळी तोडून बंगला उठवला आणि वास्तुशांतीला थाटात होम घातला, तर होम झाला. झीज तशीच राहिली.